रक्तातला धंदा आणि कोरियन भिशी

'अमक्यांच्या रक्तातच धंदा, आपला माणूस नोकरीतच रमणार' हा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतच असतो. रक्तातला धंदा मोजून देणारी लॅब काही अजून निघालेली नाही. त्यापेक्षा लॉस एंजेलिसचे कोरियन दुकानदार बघू.

अमेरिकेने १९६५ साली स्थलांतरितांसाठीच्या देशवार कोट्यांची पद्धत मोडली आणि दक्षिण कोरियातून माणसे येऊ लागली. पुष्कळ जण पदवीधर, काही तर फार्मासिस्ट, इंजिनिअर. पण इंग्रजी अडखळते, आणि तिकडच्या पदवीला इथे कोणी विचारत नाही. शिक्षणाला साजेशी नोकरी मिळेना, तेव्हा किराणा, दारू, ड्रायक्लीनिंग, विग, जे जमेल ते दुकान टाकले. विग अशासाठी की तेव्हा कोरियातून ते भरपूर निर्यात व्हायचे आणि माल ओळखीत मिळायचा.

भांडवलाचे काय? नवख्याला बँक दारात उभे करत नाही. तिथे कामी यायची 'क्ये', म्हणजे आपली भिशीच.

तिचे गणित मला फार आवडते. समजा दहा जणांना प्रत्येकी १०,००० डॉलर हवेत आणि महिन्याला १,००० बाजूला पडतात. एकेकटे साठवले तर दहाही जणांची दुकाने दहाव्या महिन्यात उघडणार. भिशी लावली तर पहिल्याचे पहिल्याच महिन्यात, दुसऱ्याचे दुसऱ्यात. सरासरी थांबणे साडेपाच महिने! शेवटच्याचेही नुकसान नाही, तो एरवीही दहा महिने थांबलाच असता. एकही जादा डॉलर न आणता हे साधते, कारण पैसा कपाटात पडून राहत नाही. लवकर उचलणाऱ्याने थोडे जास्त भरायचे, असा हिशेब ठेवला की शेवटच्यालाही चार पैसे सुटतात.

पहिला उचलून पळाला तर? तारण काहीच नाही. पण रविवारी चर्चमध्ये तेच नऊ चेहरे भेटणार, मुलांची लग्ने त्यांच्यातच जमणार. अनोळखी लोकांच्या 'ऑनलाइन भिशी'त नेमके हेच नसते, तेव्हा तिच्या जाहिरातींपासून चार हात लांब राहावे.

सगळी दुकाने क्येवरच उभी राहिली असे नाही. स्वतःची बचत आणि नातेवाइकांची उसनवारी यांचाही मोठा वाटा होता. शिवाय घरच्यांची बिनपगारी मेहनत, जी कुठल्याच वहीत चढत नाही.

पुढच्या पिढीला इंग्रजी आले, अमेरिकन पदव्या मिळाल्या. आईबापांच्या मानाने दुकान चालवणारे त्यांच्यात बरेच कमी निघाले. बहुतेकांनी नोकऱ्या धरल्या.