हिप-हॉप अध्यापन

रॅपचे, म्हणजे तालावर यमक जुळवत म्हटलेल्या गाण्यांचे, बोल अभ्यासाचा मजकूर मानून विद्यार्थ्यांना स्वतःच्या आठवणी आणि अस्मिता तपासायला लावणारी अध्यापनपद्धती. ती मुख्यतः अमेरिकेतील शहरी सरकारी शाळांत रुजली.

रॅप, डीजेचे संगीत आणि नाच यांतून घडलेल्या हिप-हॉप संस्कृतीचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झालेल्या एका पार्टीपासून मानतात. सिंडी कॅम्पबेलने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून ती ठेवली होती. संगीत तिच्या भावाचे, जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कचे. हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवी आणि नाचणाऱ्यांना आवडणारा तालाचा तुकडा लांबवत नेई. जुन्या गाण्यातला तुकडा उचलून नव्या गाण्यात गुंफायचा, याला पुढे सॅम्पलिंग म्हणू लागले. आईवडिलांच्या पिढीचा आवाज असा मुलांच्या गाण्यात शिरतो. म्हणूनच स्मरणाचा विषय हिप-हॉपमधून शिकवताना तो ओढूनताणून आणावा लागत नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये विद्यार्थ्यांच्या संस्कृतीशी सुसंगत अध्यापनाचा सिद्धान्त मांडला आणि या प्रयोगांना बळ मिळाले. अर्नेस्ट मॉरेल आणि जेफ्री डंकन-अँड्रेड यांनी कॅलिफोर्नियात इंग्रजी कविता आणि रॅप शेजारी ठेवून शिकवले.

स्मृतीच्या दृष्टीने मार्क लॅमाँट हिल यांचे काम सर्वांत मोलाचे. फिलाडेल्फियातील एका शाळेत ते रॅप साहित्य म्हणून शिकवत. त्यावरचे त्यांचे पुस्तक २००९ मध्ये आले. गाणे वाचता वाचता मुले घरातल्या गोष्टी सांगू लागत आणि ऐकणारेही आपले दुःख पुढे ठेवत. दुखावलेल्यांनीच एकमेकांना सावरण्याच्या या क्रियेकडे हिल यांनी बारकाईने पाहिले. त्यांनी अडचणीही लपवल्या नाहीत. ‘खरे हिप-हॉप’ कोणाचे, या वादात काही गोरी मुले वर्गाच्या कडेला पडली. ज्या काळाला जाणकार सुवर्णकाळ म्हणत, तो विद्यार्थ्यांनी पुरता अनुभवलेलाही नव्हता. तरी त्याच्या आठवणीवरून ‘आपण कोण’ हे ठरत होते.

मुंबईत धारावी ड्रीम प्रोजेक्ट वस्तीतल्या मुलांना रॅप, बीटबॉक्सिंग (तोंडाने तालवाद्यांचे आवाज काढणे) आणि ब्रेकिंग (हिप-हॉपचा नाच) विनामूल्य शिकवतो. मात्र हे वर्ग शाळा सुटल्यावरचे आहेत. मराठी, हिंदी, तमिळ बोलणाऱ्या घरांतली मुले तिथे एकत्र येतात. यमक जुळवताना घरातला नेमका कोणता शब्द वापरायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचाच.