काळी जमीन करडी का दिसते : छोट्या कॅमेऱ्यामागची गोष्ट

दिवाळीला परभणीहून भाची आली आणि कपाट आवरताना तिला माझा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. बॅटरी फुगलेली, पट्टा तुटलेला, तरी तो तिच्या हातातून सुटेना. "मामा, मला असलाच घ्यायचाय. पण चांगला. कोणता घेऊ वो?" हातात फोन असताना वेगळा छोटा कॅमेरा मागणारी ती एकटी नाही. मॉडेलचं नाव सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण खोक्यावर छापलेले आकडे आणि कॅमेऱ्याच्या खोडी या दोन्हींच्या मागे बराच इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला की पैसे नेमके चुकीच्या आकड्यावर खर्च होतात.

मराठवाड्यात कॅमेरा आला तो आधी लेण्यांसाठी. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवायला नेमला गेला. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्याच्या चित्रांपैकी बरीचशी १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण मधल्या काळात त्याने कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रं १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे हैदराबाद संस्थानात राजा दीनदयाळ यांचं नाव झालं. ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते आणि १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ काढला. मराठवाडा त्याच राज्यात होता, पण त्या काळच्या निगेटिव्हच्या काचांवर उमटली ती लेणी, महाल, शिकारी आणि सरदार. शेतसारा भरणाऱ्या रयतेला कॅमेऱ्यासमोर बसायचं कारणच नव्हतं.

ते कारण फार उशिरा आलं आणि तेही सरकारी कागदाच्या रूपाने. तालुक्याच्या गावी स्टुडिओ होते. मागे धबधब्याचा नाहीतर बागेचा रंगवलेला पडदा, पुढे लाकडी खुर्ची. लग्न ठरलं की मुलीचा फोटो, नोकरीच्या अर्जाला पासपोर्ट, एवढ्यापुरतं माणूस तिथे जाई. १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी फोटोसह मतदार ओळखपत्राचा आदेश काढला आणि गावोगाव शाळेच्या व्हरांड्यात रांगा लागल्या. माझ्या आजीचा आयुष्यातला एकुलता एक फोटो त्या रांगेतला आहे. ती गेल्यावर त्या कार्डावरून स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला, तोच भिंतीवर हार घालून लावलाय. कपाळावरचं कुंकू त्याने नंतर ब्रशने रंगवलं. अशी भिंत मराठवाड्यात कित्येक घरांत सापडेल. घरात स्वतःचा कॅमेरा असणं म्हणजे काय, हे मला त्या फोटोकडे बघून कळतं.

घरचा कॅमेरा म्हणजे आधी आगफा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत, आणि निवड करायची ती ऊन की ढग एवढीच. मग हॉट शॉट आला, पुढे याशिका एमएफ-२ आणि नव्वदीच्या शेवटी कोडॅकचा केबी-१०. छत्तीसचा रोल लग्नात सुरू व्हायचा, पोळ्याला पुढे सरकायचा आणि कुणाच्या तरी बारशाला संपायचा. धुवायला शहरात जायचा. आठ दिवसांनी कळायचं की निम्म्यात डोळे मिटलेत.

त्याच कोडॅक कंपनीत डिसेंबर १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम ०.०१ मेगापिक्सेल (दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल), आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्यात वापरलेली सीसीडी, म्हणजे रोलच्या जागी उजेड टिपणारी चिप, १९६९ साली बेल लॅबमध्ये विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी कल्पिली. त्याबद्दल दोघांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. चिपला नुसता उजेड कळतो, रंग कळत नाही. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेली युक्ती अशी की, प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवायची, त्यात निम्म्या काचा हिरव्या, कारण आपला डोळा हिरव्या भागातच बारकावे जास्त टिपतो. आजही जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये हीच रचना असते.

खिशातल्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने मला मोठं वाटतं ते १९९५ साल. कॅसिओचा क्यूव्ही-१० तेव्हा बाजारात आला. फक्त पाव मेगापिक्सेलचा, पण पाठीवर छोटा रंगीत पडदा होता. काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसू लागला, नको तो पुसता येऊ लागला. रोल वाया जायची धास्ती गेली, आणि शिकणाऱ्यासाठी त्याहून मोठी मोकळीक दुसरी नाही. १९९९ मध्ये फोटो साठवायचं एसडी कार्ड आलं, २००० मध्ये कॅननचा डिजिटल इक्सस आला. चपटा, धातूचा, शर्टाच्या खिशात मावणारा. पुढची दहा वर्षं या जातीच्या कॅमेऱ्यांची होती. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर मिळून सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यात बहुसंख्य छोटे. २०२३ मध्ये सगळे प्रकार धरून हाच आकडा ७७ लाखांच्या आसपास होता. मधल्या वर्षांत काय झालं ते प्रत्येकाच्या खिशात आहे.

त्या भरभराटीच्या काळात दुकानदार एकच आकडा सांगायचा, मेगापिक्सेल. पाच, आठ, बारा, चौदा. चिप मात्र तेवढीच, करंगळीच्या नखाहून लहान. साध्या छोट्या कॅमेऱ्यात १/२.३ इंची म्हणतात ती चिप असते. तिचं माप साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर. तेवढ्याच वावरात दुप्पट रोपं लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला ओल कमी येते, तसं प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी आला. संध्याकाळच्या फोटोत वाळूसारखी खरखर दिसते ती त्यामुळे. कंपन्यांनाही हे उमगलं. २००९ मध्ये कॅननने आपल्या जी मालिकेत १४.७ मेगापिक्सेलवरून थेट १० वर उतरणं पसंत केलं. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स१०० काढला, त्यात १ इंची चिप होती. हा इंचही फसवा आहे. तो जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीचा व्यास आहे. चिपचं खरं माप १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. तरी साध्या छोट्या कॅमेऱ्याच्या चौपट क्षेत्रफळ होतं. फुजीफिल्मचा एक्स१०० आणि रिकोचा २०१३ पासूनचा जीआर यांत त्याहूनही मोठी, एपीएस-सी मापाची चिप असते, पण त्यांना झूम नसतो.

भाचीला म्हणून मी हे सांगितलं. आज चांगल्या फोनमधली चिप १/२.३ इंचापेक्षा मोठी असते. तेव्हा नवा, स्वस्त, लहान चिपचा कॅमेरा घेतलास तर उजेड कमी झाला की तो तुझ्या फोनपुढे टिकणार नाही. घ्यायचाच तर १ इंच किंवा त्यावरचा घे, जुना मिळाला तरी चालेल. नाहीतर पक्ष्यांसाठी लांब झूमचा घे, कारण जायकवाडीच्या काठावरून पाण्यातला बगळा फोनच्या आवाक्यात येत नाही. त्यातही खोक्यावर 'डिजिटल झूम' लिहिलेला आकडा सोडून दे. तो नुसता फोटो कापून ताणणं असतो. बघायचा तो ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सने खरोखर जवळ आणणारा.

आता काळ्या जमिनीकडे येतो. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

कॅमेऱ्याला समोर काय आहे हे मुळात ठाऊक नसतं. उजेड मोजणारी यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या एका गृहीतावर चालत आली आहे की, कुठल्याही दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाची असते. कोडॅकचं अठरा टक्के उजेड परतवणारं करडं कार्ड त्याच मापाचं. म्हणून नांगरटीनंतरच्या काळ्या रानाचा फोटो काढला की कॅमेरा म्हणतो, अंधार आहे, आणि उजेड वाढवून आपली काळी कसदार जमीन राखेसारखी करून टाकतो. उलट, पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि फेटा घातलेला म्हातारा चौकटभर उभा केला की कॅमेरा म्हणतो, फार ऊन आहे, आणि सगळं मळकं करतो. त्यात फेट्याखालचा सावळा चेहरा तर पार बुडतो. नवे कॅमेरे चेहरा ओळखून थोडं सावरून घेतात, पण पुरतं नाही.

सावळ्या चेहऱ्याचा प्रश्न याहून जुना आहे. रंगीत रोलच्या काळात छपाईच्या यंत्रांचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो मिळायचा, 'शर्ली कार्ड' या नावाने ओळखला जाणारा. त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर, असं मानायचे. आपल्याकडचे लग्नाचे अल्बम त्याच व्यवस्थेतून निघाले. स्टुडिओत पावडर लावायला सांगत, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत, आणि मुलगी 'फोटोत काळी येते' म्हणून घरचे तिला पुढे उभं करत नसत. त्यात तिच्या रंगाचा काही दोष नव्हता. यंत्र तिच्या चेहऱ्यासाठी जुळवलेलंच नव्हतं, आणि हे आपल्या आया-आत्यांना कुणी कधी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

उपाय कॅमेऱ्यावरच असतो. अधिक-उणे चिन्हाचं बटण. कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड त्याने आपल्याला कमी-जास्त करता येतो. काळ्या रानाला उणे ०.७, पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला अधिक ०.७. कॅमेरा निवडताना हे बटण सहज बोटाखाली येतं का, की मेनूत चार पायऱ्या खाली दडलंय, ते आधी बघावं. फोकल लेंग्थ, अपर्चर, शटर यांचे धडे नंतर घेता येतात. एप्रिलच्या उघड्या उन्हात तर जुना रोलवाल्यांचा आडाखाही चालतो. एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं भोक बारीक ठेवून, आयएसओ (उजेडाला किती चटकन प्रतिसाद द्यायचा तो आकडा) जेवढा, सेकंदाच्या तेवढ्याव्या भागाइतका वेळ शटर उघडं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंदाच्या जवळपास. छोट्या कॅमेऱ्यात एफ/१६ बहुधा नसतंच, म्हणून भोक मोठं करून एफ/८ आणि शटर १/४००.

त्याच उन्हामुळे आणखी एक गोष्ट. आधीच्या छोट्या कॅमेऱ्यांना डोळा लावायचं भोक असायचं. २००५ नंतर मागचे पडदे मोठे झाले तसं ते बहुतेकांतून गेलं. दुपारी बारा वाजता वेरूळच्या कैलासाच्या अंगणात उभं राहून पडद्यावर काही दिसतं का ते करून बघा, मग त्याची किंमत कळते. डोळा लावून बघता येणारा मिळाला तर दोन पैसे जास्त द्यावेत. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, म्हणून तिथे मोठी चिप आणि एफ/१.८ सारखी उघडी लेन्स कामाला येते.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी दोन-तीन खाचाखोचा. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे २ जीबीवरचं एसडी कार्ड ओळखत नाहीत. कार्ड खराब नसतं, मोठ्या कार्डांचं मानकच नंतर आलं. एक्सडी नावाच्या वेगळ्या कार्डवर चालणारा असेल तर कार्ड शोधण्यातच दमछाक होते. २००२ ते २००४ च्या सुमाराच्या कित्येक कॅमेऱ्यांतल्या सीसीडी उष्ण-दमट हवेत बिघडल्या आणि २००५ मध्ये अनेक कंपन्यांना ते जाहीर करावं लागलं. म्हणून त्या सालातला घेताना दुकानातच चार फोटो काढून बघावेत. जांभळट, विस्कटलेलं चित्र आलं तर तसाच परत द्यावा. आणि फुगलेली बॅटरी घालून चार्ज करू नये, माझी असली तरी.

भाचीने शेवटी १ इंची चिपचा, सेकंडहँड, चार वर्षं वापरलेला कॅमेरा घेतला. पहिले फोटो तिने मला फोनवर पाठवले. दारात बसून शेंगा फोडणारी तिची आजी, पांढरं लुगडं, मागे अंधारं माजघर. एकच फोटो तीनदा काढला होता. उणेचा, मधला आणि अधिकचा. खाली विचारलं होतं, यातली खरी आजी कोणती. मी आईला दाखवले. तिने चष्मा लावून तिन्ही बघितले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.