दहा साक्षीदार, तोंड एकच

आमच्याकडे सोयरीक म्हटली की पाहुणे बघायला यायच्या आठवडाभर आधी त्यांचा एखादा माणूस गावात येऊन गेलेला असतो. तो स्टँडवर उतरतो, पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा सांगतो आणि खर्रा घोटून होईस्तोवर निम्मी माहिती काढतो. अमक्याचं वावर किती, ओलिताचं की कोरडवाहू, पोरगा पितो काय, थोरल्या सुनेला कसं वागवतात. मग कृषी केंद्रावर उधारीचा अंदाज घेतो. जमलंच तर त्या गावात दिलेली आपल्याकडची एखादी लेक गाठतो. चार ठिकाणची उत्तरं जुळली तर पुढची बोलणी.

या चौकशीनं पोरींना जाच झाला, जातीच्या भिंतीही तिनंच राखल्या, हे खरं आहे. पण खोटं पकडण्याचं साधन म्हणून ती पक्की होती, कारण उत्तर देणारे चौघे एकमेकांशी ठरवून बोलत नव्हते. विज्ञानात याला स्वतंत्र पडताळणी म्हणतात. ऑनलाइन प्रेमाच्या आणि लग्नाच्या नावानं होणारी फसवणूक नेमकी इथेच घाव घालते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याचे १ लाख ४६ हजार रुपये गेले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे १८ क्विंटल कापूस गेला. वय ३३, यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर वावर, दारूचा थेंब नाही. शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळत नाही ही आमच्याकडची जुनी जखम. तीन परिचय मेळावे झाले, बायोडाटा वाटून झाले, शेवटी त्यानं फोनवरच्या लग्न जुळवणाऱ्या ॲपवर नाव टाकलं. तिथं ‘ती’ भेटली. पुण्यात नर्स, मूळ गाव दारव्ह्याजवळ, शेतकऱ्याशीच लग्न करायचं म्हणणारी. साडेतीन महिने रोज बोलणं. मग आईचं ऑपरेशन, मग भावाची कॉलेजची फी, मग साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, फेडायचं सोनाराचं कर्ज.

मी शंका काढली तेव्हा तो चिडला. “मामाजी, फसवाचंच असतं तं पहिले दोन हजार तिनं आठ दिवसांत वापस काऊन केले असते?”

त्याच्याकडे पुरावे भरपूर होते. फोटो, आवाज, आईचं “बेटा, जेवला का”, भावाचे मेसेज, हॉस्पिटलचं ओळखपत्र, बिलाची पावती. मी मोजले, दहा निघाले. आणि दहाही दोन मोबाइल नंबरांवरून आलेले.

इथे थोडं गणित करू. समजा, एखादा माणूस सांगतो ती गोष्ट खोटी असण्याची शक्यता पाचात एक आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तीच गोष्ट सांगितली, तर तिघेही चुकीचे असण्याची शक्यता १२५ मध्ये एक इतकी खाली येते. पण एकच माणूस तीन आवाजांत बोलत असेल, तर ती पाचात एकच राहते. साक्षीदारांची संख्या वाढली की मनाला खात्री वाढल्यासारखं वाटतं, आणि ते सगळे एकाच तोंडातून बोलत आहेत का हे आपण तपासत नाही. आवाज बदलणारी ॲप फुकट मिळतात. आई, भाऊ आणि डॉक्टर एकाच खोलीत बसलेले असू शकतात.

शहाणीसुरती माणसंही इतकी गुंततात, त्याला भोळेपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. जोसेफ वॉल्थर या संवादशास्त्रज्ञानं १९९६ मध्ये मांडलं की, लेखी गप्पांमधली जवळीक कधी कधी समोरासमोरच्या भेटीपेक्षाही गडद होते. समोरचा माणूस वेळ घेऊन, शब्द निवडून लिहितो. त्याचा त्रासलेला चेहरा, तुटक स्वर आपल्याला दिसत नाही. उरलेल्या रिकाम्या जागा आपण आपल्याच मनातल्या माणसानं भरतो. भाचा ज्या पोरीच्या प्रेमात पडला, तिचा बराचसा भाग त्यानं स्वतःच, रात्री ओलिताच्या पाळीला वावरात बसून घडवला होता.

मग मेसेजच्या वेळा. सुरुवातीला रोज रात्री दहाला, नंतर एखाद दिवस खाडा, मग अचानक पहाटे चारला “झोप येत नाही, तुमची आठवण येते.” मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यानं कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की, चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबूतर थकत नाही, टोचतच राहतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यानं माकडांच्या मेंदूत याचं दुसरं टोक पाहिलं. अवचित फळांचा रस मिळाला की डोपामिन हे बक्षिसाशी जोडलेलं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात पेटत. तोच रस रोज ठरल्याप्रमाणे मिळू लागला की रसाच्या वेळी त्या शांत राहत, आणि अपेक्षित रस चुकला की त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जाई. दोन दिवस मेसेज न आल्यावर भाच्याचं जेवण सुटायचं, ते उगाच नव्हतं.

आणि परत केलेले दोन हजार? ते पेरलेलं बियाणं होतं. छोटी रक्कम वेळेत परत करून मोठ्या रकमेचा विश्वास कमावला जातो.

पैसे जायला लागल्यावर थांबता का येत नाही, हे आपल्या भागात बोअर मारलेल्या कुणालाही कळेल. दोनशे फुटांवर पाणी नाही. आता थांबलं तर झालेला खर्च मातीत. मग अजून पन्नास फूट, अजून पन्नास. आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं की, आधी घातलेला पैसा परत येणार नसतो तरी तो पुढच्या निर्णयाला ओढत राहतो. नाटकांच्या हंगामाचं तिकीट पूर्ण दरात घेतलेले लोक सवलतीत घेतलेल्यांपेक्षा सुरुवातीचे काही महिने जास्त नाटकांना गेले. भाच्यानं शेवटचे चाळीस हजार पाठवले तेव्हा त्याच्या मनात शंका होती. पण शंका खरी मानली असती तर आधीचे एक लाख सहा हजार बुडाले हेही मानावं लागलं असतं, आणि त्यासोबत ती पोरगीही.

आता फोटोविषयी. चोरलेला फोटो गुगल लेन्सवर टाकला तर तो आधी कुठे वापरला गेलाय ते अनेकदा सापडतं. हे जरूर करावं. पण काही न सापडणं म्हणजे माणूस खरा असं नाही, कारण आता मुळात नसलेला चेहराही बनवता येतो. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका तंत्रात दोन संगणकीय जाळी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे दोन प्रोग्राम, एकमेकांशी झुंजतात. वजनासाठी कापसावर पाणी मारणारा व्यापारी आणि खरेदी केंद्रावरचा प्रत तपासणारा ग्रेडर आठवा. ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, ग्रेडर माल नाकारतो. तो जितका हुशार, तितका पाणी मारणाराही पुढच्या खेपेला बेताबेतानं मारतो. इथे एक जाळं चेहरे बनवतं, दुसरं खोटे ओळखतं, आणि अशा असंख्य खेपांनंतर बनवणारं जाळं इतकं तरबेज होतं की आपल्याला फरक कळत नाही. सोफी नाइटिंगेल आणि हनी फरीद यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना खरे आणि यंत्रानं बनवलेले चेहरे ओळखायला दिले. अचूकता निघाली ४८.२ टक्के. नाणं उडवूनही साधारण तेवढंच जमलं असतं. वर लोकांना बनावट चेहरे थोडे जास्त विश्वासू वाटले.

“व्हिडिओ कॉल कर म्हणावं” हा सल्ला मीही वर्षानुवर्षे दिला. आता तो पुरेसा राहिलेला नाही. हाँगकाँगच्या पोलिसांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये २७ जणांना पकडलं. ही टोळी चालू व्हिडिओ कॉलवर चेहरा बदलून प्रेमाचं नाटक करत होती. चेहरा पूर्ण कडेला वळवायला लावणं, तोंडासमोरून हात फिरवायला सांगणं, यानं काही वेळा मुखवटा लचकतो आणि कळतं. पण तंत्र सुधारत राहील, आणि आजची खूण उद्या चालेल याची हमी मी देणार नाही.

म्हणून मला पानठेल्यावरच्या त्या माणसाकडे परत यावंसं वाटतं. समोरच्यानं दिलेल्या वाटेनं न जाता, आपण निवडलेल्या तिसऱ्या माणसाकडून एक तरी गोष्ट तपासायची. हॉस्पिटलचं नाव सांगितलं असेल तर नंबर तिच्याकडून घ्यायचा नाही. पुण्यात आपला कोणी असतोच, त्याला तिथं पाठवायचं. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, डॉक्टरांची वैद्यकीय नोंदवहीत. तिथं नाव सापडलं तरी ते नाव खऱ्या नर्सचं आणि बोलणारा भलताच असू शकतो, तेव्हा माणूस प्रत्यक्ष भेटेपर्यंत पैशाचा विषय बंद. भेटही आपल्या ओळखीच्या गावात, घरचं कोणी सोबत घेऊन. अनोळखी शहरात एकट्यानं जाऊन लुबाडले गेल्याच्या तक्रारीही होतात.

या सगळ्याला समोरचा माणूस एका वाक्यानं अडवतो: “आत्ताच घरी सांगू नका.” कारण गोड असतं. नजर लागेल, बाबा रागावतील, साक्षगंध ठरल्यावर सांगू. माझ्या मते फोटो, भाषा, व्याकरणाच्या चुका या सगळ्या खुणांपेक्षा ही खूण मोठी. तिसरा माणूस आला की एका तोंडाचा खेळ मोडतो, हे फसवणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

बायकांना फसवण्याची गोष्ट वेगळी रचलेली असते. एकट्या राहणाऱ्या शिक्षिका, आशा ताई, नवरा गेलेल्या बाया यांना परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनीअर भेटतो. तो सोनं आणि मोबाइलचं पार्सल पाठवतो, आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावरून ‘कस्टम’चा फोन येतो की दंड भरा, नाहीतर अटक. कस्टम खातं कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. यूपीआयबद्दलही एक पक्कं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

तरुण पोरांवरचा सर्वात क्रूर प्रकार म्हणजे रात्रीचा अनोळखी व्हिडिओ कॉल, समोर उघडी बाई, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, आणि मग “तुझ्या बहिणीला पाठवू का?” या धमकीनं पोरांनी जीव दिले आहेत. घरात कुणाचा पोरगा एकाएकी गप्प झाला, फोन वाजला की दचकू लागला, तर आधी रागावू नका. त्याला जवळ बसवा आणि सांगा की पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. स्टॉप-एनसीआयआय नावाच्या मोफत सेवेत आपल्याच फोनवर त्या चित्राचा एक संख्यात्मक ठसा तयार होतो. चित्र फोनमध्येच राहतं, फक्त ठसा जातो, आणि सहभागी सोशल मीडिया कंपन्या त्या ठशाशी जुळणारं चित्र अडवू शकतात. ही सेवा १८ वर्षांवरच्यांसाठी आहे.

पलीकडे कोण असतं? ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं म्हटलं की, म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा फसवणुकीच्या केंद्रांत जबरदस्तीनं राबवले जात असावेत. नोकरीच्या आमिषानं नेलेली भारतीय पोरंही तिथून सोडवून आणली गेली आहेत. तिथं शिफ्ट असतात, लिहून दिलेले संवाद असतात, म्हणून त्यांना साडेतीन महिने धीर धरणं परवडतं. काही दुवे मात्र आपल्याच तालुक्यात असतात. चार-पाच हजारांच्या लोभानं बँकेचं पासबुक, एटीएम आणि सिम दुसऱ्याच्या हाती देणारी पोरं मी पाहिली आहेत. चोरीचा पैसा त्यांच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस आधी त्यांच्याच दारात येतात.

पैसा असा खात्याखात्यांतून पळत असल्यानं वेळ हाच सगळा खेळ आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला की तक्रार त्या साखळीतल्या बँकांपर्यंत पोचते आणि जिथं पैसा अजून पडून आहे तिथं तो रोखून धरता येतो. पहिल्या तासात बरंच हाती लागू शकतं, चार दिवसांनी पैसा कुठल्या तरी एटीएममधून निघून गेलेला असतो. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, समोरचा नंबर जवळ ठेवून फोन करा, मग केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा ठाण्यात लेखी तक्रार द्या. संगणकाच्या साह्यानं दुसरा माणूस असल्याचं भासवून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भाच्यानं तक्रार चौथ्या दिवशी केली. तीन दिवस लाजेत गेले. त्याच्या मायनं त्या दिवसांत त्याला एक शब्द बोलला नाही, नुसती ताट वाढून समोर बसायची, आणि म्हणूनच तो चौथ्या दिवशी बोलला असं मला वाटतं. एका खात्यात अकरा हजार अडकलेले सापडले.

मी दारव्ह्याकडच्या एका सोयऱ्याला फोन लावला होता. त्यानं दहा मिनिटांत उलट फोन करून सांगितलं, त्या आडनावाचं एकही घर त्या गावात नाही. हेच दहा मिनिटांचं काम साडेतीन महिन्यांपूर्वी करता आलं असतं, पण तेव्हा मला काही माहीत नव्हतं, आणि भाच्यानं न सांगण्याचं वचन दिलं होतं.

परवा रात्री त्याचा फोन आला. एक स्थळ आलंय, याही वेळी फोनवरूनच. आवाज जरा दबकाच होता. “मामाजी, हिंगणघाटच्या बाजूले आपल्या वळखीचं कोणी हाये काय?”