लक्सर–अस्वान जलप्रवास

लक्सर–अस्वान जलप्रवास : दक्षिण ईजिप्तमधील लक्सर व अस्वान या शहरांदरम्यान नाईल नदीतून पर्यटक जहाजाने, काठावरची प्राचीन मंदिरे पाहत केलेला प्रवास. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. त्यासाठी बहुधा तीन किंवा चार रात्री लागतात. युरोपीय प्रवाशांची पहिली आयोजित सहल टॉमस कुक यांनी १८६९ मध्ये नाईलवर नेली. वाट मात्र फार जुनी. नाईल उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक काळ उत्तरेकडून येतो. त्यामुळे शीड उभारले की दक्षिणेला आणि उतरवले की प्रवाहाबरोबर उत्तरेला, असे इथले नावाडी हजारो वर्षे ये-जा करत आले. प्राचीन चित्रलिपीतही ‘दक्षिणेला जाणे’ लिहिताना शीड उभारलेली होडी काढत, ‘उत्तरेला जाणे’ लिहिताना बिनशिडाची.

पहिल्या दिवशी जहाज सहसा धक्क्यालाच असते, आणि ते बरेच आहे, कारण लक्सरला घाई करून चालत नाही. लक्सर म्हणजे प्राचीन थीब्ज. तिथला मुख्य देव आमुन, पत्नी मूत, मुलगा खोन्सू. या तिघांची मंदिरे असलेला कर्नाकचा परिसर दीड हजारांहून अधिक वर्षे वाढत राहिला. राजा सेती पहिला व त्याचा मुलगा रामसेस दुसरा यांच्या काळातल्या सभामंडपात १३४ खांब आहेत. मधले १२ सुमारे २१ मीटर उंच असून त्यांचे माथे उमललेल्या पपायरसच्या (नदीकाठी वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या) फुलासारखे आहेत. बाजूचे १२२ बुटके, त्यांच्या माथ्यावर मिटलेल्या कळ्या. हे सारे नदीकाठची दलदल दगडात उभी केल्यासारखे आहे. तिथून आत जावे तसे छत खाली येते, जमीन किंचित चढते, उजेड आटतो आणि शेवटी काळोखात गाभारा लागतो. १८९९ मध्ये यातले ११ खांब कोसळले होते. ते पुन्हा उभारले गेले.

नाईलच्या पुराच्या दिवसांत ओपेतचा उत्सव भरे. होडीच्या आकाराच्या पालखीत आमुनची मूर्ती पडद्याआड बसवून पुजारी ती खांद्यावर घेत आणि लक्सरच्या मंदिरात नेत. हातशेपसुत राणीच्या काळी जाणे जमिनीवरून आणि परतणे नदीतून होई; पुढे दोन्ही वेळा नदीतून. दोन्ही मंदिरे जोडणारा सुमारे २.७ किलोमीटरचा स्फिंक्सचा (सिंहाच्या धडाच्या दगडी मूर्तींचा) रस्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. म्हणून आधी कर्नाक आणि मग दिवेलागणीला लक्सर मंदिर, हा देवाचाच क्रम धरणे उत्तम.

लक्सर मंदिर मुख्यतः आमेनहोतेप तिसरा व रामसेस दुसरा यांनी बांधले. दारात एकच ओबेलिस्क (वर निमुळता होत गेलेला उंच दगडी स्तंभ) आहे. त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे, आणि इथली रिकामी जागा पाहताना ते खटकतेच. मंदिर शतकानुशतके मातीत व वस्तीखाली गाडलेले होते. त्या काळी वरच्या पातळीवर बांधलेली अबू हग्गाग यांची मशीद आजही नांदती आहे. उत्खननात जमीन खाली गेली आणि मशिदीचे जुने दार अधांतरी राहिले. या संताच्या वार्षिक जत्रेत अजूनही रस्त्यांतून होड्या मिरवतात. अनेक अभ्यासकांना त्यात ओपेतची आठवण दिसते.

पश्चिम काठावर राजांचे खोरे (प्राचीन राजांच्या थडग्यांची जागा) व हातशेपसुतचे मंदिर आहे. तिकडे सकाळी लवकर जावे, ऊन फार चढते.

जहाज सुटल्यावर पहिला अडथळा एसनाचा बंधारा. जहाज तिथल्या बंदिस्त कप्प्यात शिरते, दरवाजे बंद होतात, कोंडलेले पाणी चढते आणि जहाज वर उचलले जाते. तोवर छोट्या होड्यांतले विक्रेते चादरी, झगे थेट डेकवर फेकून भाव सांगत असतात. एसनाला ख्नुम देवाचे मंदिर आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे नऊ मीटर खाली आहे. २०१८ पासून त्याच्या छतावरची काजळी काढल्यावर मूळचे रंग झळकू लागले आहेत. पुष्कळ जहाजे इथे न थांबता जातात, ही खंत वाटावी अशी गोष्ट.

पुढचा थांबा एदफू. तिथले ससाण्याच्या रूपातल्या होरस देवाचे मंदिर इ.स.पू. २३७ ते ५७ या काळात बांधले गेले आणि आज ते जवळजवळ अखंड आहे. उत्तरेकडच्या देंदेराहून हाथोर देवी दरवर्षी होडीत बसून, याच पाण्यातून प्रवाहाविरुद्ध, होरसच्या भेटीला येई आणि पंधरवडाभर राही. तिच्या येण्याचा सोहळा एदफूच्या भिंतींवर कोरलेला आहे.