भरतीने पकडलेली घड्याळाची चूक

गोव्यातील चोडण बेटावरील एका खाजनाच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल जमिनीच्या) बांधावर, मानशीपाशी, आम्ही पाण्याची उंची दर मिनिटाला नोंदवणारे एक छोटे यंत्र बसवले होते. मानस म्हणजे बांधातील झडपांचे लाकडी दार. भरतीच्या पाण्याचा दाब आला की ते आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. यंत्रात आर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा संगणक), ध्वनीने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि मेमरी कार्ड एवढाच ऐवज होता. पंधरवड्याचा आलेख इतका देखणा आला की तो आम्ही मानशीची देखभाल करणाऱ्या काकांना कौतुकाने दाखवायला नेला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "सर, तुमचं यंत्र पुनवेची भरती दोन तास आधीच आणतंय."

काकांचा हिशेब पक्का होता. चंद्र रोज थोडा पुढे सरकत असल्यामुळे भरती दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते. हा उशीर रोज सारखा नसतो, कधी तो कमी तर कधी तासाहून अधिक असतो, त्यामुळे दोन दिवसांच्या नोंदींवरून यंत्राची चूक सापडली नसती. मात्र अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत जे सुमारे पावणेपंधरा दिवस जातात, तेवढ्या काळात हे चढउतार एकमेकांत मिटतात आणि दोन्ही तिथींना भरती जवळपास एकाच घटकेला येते. आमच्या आलेखात मात्र ती रोज सरासरी ४२ मिनिटांनीच पुढे सरकत होती. याचा अर्थ आमच्या नोंदींतला दिवस खऱ्या दिवसापेक्षा आठ मिनिटांनी तोकडा भरत होता.

चूक प्रोग्रॅममध्ये होती आणि ती नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. मोजणी करा, कार्डावर लिहा, मग ६० सेकंद थांबा, असा आमचा क्रम होता आणि 'नोंद क्रमांक गुणिले एक मिनिट' अशी आम्ही वेळ काढत होतो. पण मोजणीलाही वेळ लागतो. सेन्सरच्या लागोपाठ दहा मोजण्यांची सरासरी घेताना सुमारे ३०० मिलिसेकंद आणि कार्डावर लिहिताना आणखी ५० मिलिसेकंद जात होते, म्हणजे आमचे मिनिट प्रत्यक्षात ६०.३५ सेकंदांचे होते. शाळेच्या शिपायाने टोल देऊन, पाणी पिऊन, जागेवर येऊन बसल्यावर पुढचा तास मोजायला घ्यावा, तसाच हा प्रकार. पावणेपंधरा दिवसांत या चुकार क्षणांचे दोन तास झाले.

यावरचा उपाय असा की 'आतापासून ६० सेकंद' असे न म्हणता मागच्या ठरलेल्या वेळेत ६० सेकंद मिळवून पुढची वेळ ठरवावी; मग मधले काम कितीही रेंगाळले तरी उशीर पुढे साचत नाही. शिवाय लागोपाठच्या दोन नोंदींच्या वेळांमधील फरक वेगळ्या रकान्यात काढून पाहावा, कारण सगळे निदान त्या एका रकान्यात असते. फरक सतत सारखाच पण चुकीचा असेल तर घड्याळाचा वेग किंवा हिशेब चुकतो आहे. तो मधूनच उडी मारत असेल तर काहीतरी वाट अडवते आहे. आमच्याकडे ते कार्ड होते. मेमरी कार्ड मधूनमधून स्वतःची आतली आवराआवर करते आणि तेवढ्यापुरते लिहिणे तुंबते.

हा दोष काढूनही दिवसाला दोनेक मिनिटांची तफावत उरलीच. आता दोष बोर्डाच्या ठोक्याचा, म्हणजे ज्या कंपनांवरून तो वेळ मोजतो त्यांचा होता. उनोच्या मुख्य चिपला ठोका देणारा भाग क्वार्ट्‌झचा नसून सिरॅमिकचा असतो आणि अशा भागात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक असू शकते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तो ४३२ सेकंद, म्हणजे सात मिनिटांहून अधिक होतो. दिवा लुकलुकवण्यासाठी हा ठोका उत्तम आहे, पंधरवडाभर वेळ सांभाळण्यासाठी नाही. (आमचा सेन्सरही ध्वनीच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजूनच अंतर काढतो, दर सेंटिमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद या दराने, तेव्हा ठोका चुकला की पाण्याची उंचीही किंचित चुकते.)

म्हणून आम्ही वेळ सांभाळणारी वेगळी चिप लावली. मनगटी घड्याळाप्रमाणेच अशा चिपमध्ये क्वार्ट्‌झचा चिमुकला दुबेळका (दोन शाखांचा काटा) असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात, त्यामुळे ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद हाती येतो. पण हा दुबेळका साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत इमानी असतो; तापमान त्याहून वाढो की घटो, तो मंदच होतो, आणि तापमानातला फरक दुप्पट झाला तर मंदी चौपट होते. मे महिन्याच्या उन्हात बांधावरील पत्र्याची पेटी आतून ५० अंशांवर गेली, तर साधी चिप केवळ उष्णतेमुळे दिवसाला पावणेदोन सेकंद मागे पडते. डीएस ३२३१ ही चिप स्वतःचे तापमान मोजून त्याप्रमाणे वेग सुधारते, आणि ० ते ४० अंशांदरम्यान तिची चूक वर्षाला साधारण मिनिटभराचीच राहते.

तिनेही एकदा दगा दिलाच. पावसाळ्यात बटण सेलच्या पट्टीला गंज चढला, वीज तुटली आणि पुन्हा जोडल्यावर नोंदी २००० सालच्या १ जानेवारीपासून सुरू झाल्या. मध्ये घड्याळ थांबले होते हे सांगणारी खूण या चिपमध्ये असते. ती आम्ही तपासतच नव्हतो.

संख्या साठवण्यातही सापळे आहेत. आर्डुइनोचा मिलिसेकंदांचा काउंटर ३२ बिटांचा असल्यामुळे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. त्याने काही बिघडत नाही, मात्र 'आताची वेळ उणे मागची वेळ' अशी वजाबाकी करून तुलना केलेली असली पाहिजे. उनोवर साठ गुणिले हजार हा साधा गुणाकारही साध्या पूर्णांकासाठी राखलेल्या जागेत मावत नाही आणि उत्तर उणे ५,५३६ येते. असल्या चुका फक्त हौशी लोक करतात असे नाही: बोइंग ७८७ विमानाचे जनित्र नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर असाच काउंटर भरून वीज जाऊ शकते, हे २०१५ मध्ये उघड झाले होते.

शेवटची चूक लॅपटॉपवर झाली. चिपमध्ये भारतीय प्रमाणवेळ होती आणि आलेख काढणाऱ्या पायथन स्क्रिप्टने ती जागतिक वेळ समजून तिच्यात आणखी साडेपाच तास मिळवले. एका भरतीपासून लगतच्या ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. त्यामुळे साडेपाच तासांनी सरकलेला आलेख विस्कटलेला दिसत नाही, फक्त भरतीच्या जागी जवळपास ओहोटी येते. या वेळी आम्ही कागद घेऊन आधी मानशीवर गेलो. दार मिटलेले होते, आणि आमच्या आलेखाप्रमाणे ते सताड उघडे असायला हवे होते.