ओतीव गोळीचे काडतूस (.४५ एसीपी, म्हणजे ‘ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल’)

वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी), तोललेली दारू आणि साच्यात ओतलेली शिशाची गोळी बसवून हाताने तयार केलेले काडतूस. अमेरिकेत ‘बुल्सआय’ या एकहाती पिस्तूल नेमबाजीत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या आणि अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेल्या .४५ इंच व्यासाच्या ‘१९११’ या स्वयंभरित पिस्तुलाभोवतीच या कलेचा बहुतेक अनुभव साठला आहे. पुढील मापेही त्याच काडतुसाची आहेत.

बुल्सआयच्या पूर्ण सामन्यात २७० गोळ्या झाडल्या जातात, .२२, सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर प्रायमर असलेले काडतूस) आणि .४५ अशा तीन गटांत प्रत्येकी ९०. बरेच नेमबाज शेवटचे दोन्ही गट एकाच .४५ पिस्तुलाने खेळतात, म्हणजे एका सामन्याला १८० काडतुसे लागतात. सराव वेगळाच. हा खर्च ओतीव गोळीने आवाक्यात येतो. दुसरे कारण धक्क्याचे. २५ यार्डांवर ‘रॅपिड’ फेरीत १० सेकंदांत ५ गोळ्या झाडायच्या असतात आणि तिथे सौम्य भरणीचे (कमी दारूचे) काडतूस हात लवकर जागेवर आणते. ५० यार्डांवर मात्र १० गुणांचे वर्तुळ जेमतेम ३.३६ इंच (८५ मिमी) असते. तिथे काडतूस सौम्य असून भागत नाही, ते एकसारखेही लागते.

नवशिक्यांचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे नळीत शिसे बसू नये म्हणून गोळी कडक हवी. .४५ एसीपीचा कमाल दाब २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो आणि नेमबाजीच्या सौम्य भरणीत तो त्याहूनही बराच खाली राहतो. एवढ्या दाबाखाली फार कडक गोळी फुगून आट्यांत (नळीतल्या पिळदार खोबणींत) घट्ट बसत नाही. ती थोडीशी जरी बारीक असली तरी कडेने तप्त वायू निसटतो, गोळीची बाजू खरवडतो आणि तेच शिसे नळीला चिकटते. मापात बसणारी मध्यम कठीण गोळी कडक पण सैल गोळीपेक्षा नळी स्वच्छ ठेवते. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता साधारण ५, जुन्या चाकवजनांच्या (गाडीच्या चाकांचा तोल साधणाऱ्या तुकड्यांच्या) मिश्रणाची ११-१२, तर ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी या प्रसिद्ध मिश्रणाची १५ भरते. .४५ साठी ११-१२ पुष्कळ झाली. थोडे कथील घालायचे ते कडकपणासाठी नव्हे. त्याने ओतीव धातू साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरतो.

शिसे ३२७° सेल्सियसला वितळते, ओतण्यासाठी ३७० ते ४०० अंश ठेवतात. त्यावर जायचे नाही, कारण हल्लीच्या चाकवजनांत जस्ताचीही असतात. जस्त ४१९ अंशांना वितळून मिश्रणात उतरले की साचा नीट भरत नाही. त्याआधी ते तुकडे वर तरंगतात आणि पळीने काढून टाकता येतात. साचा थंड किंवा तेलकट असेल तर गोळीवर सुरकुत्या येतात. फार तापला तर तिच्यावर बर्फासारखी पांढुरकी छटा दिसते. ही दुसरी गोष्ट सहसा दिसण्यापुरतीच. खरी तपासणी बुडाची. गोळीच्या नाकावर खरचटले तरी फारसे बिघडत नाही, पण बुडाची कड एका बाजूने गोलसर असेल तर नळीबाहेर पडताना वायूचा झोत त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळी हेलकावे खाते. अशी गोळी परत भांड्यात. ओल्या पळीचे किंवा ओल्या तुकड्याचे पाणी वितळलेल्या शिशाखाली गेले तर त्याची क्षणात वाफ होऊन सगळे शिसे अंगावर उडते, म्हणून चेहऱ्यावर ढाल, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालूनच काम करतात. बॅटरीतले शिसे वापरू नये. त्यातून विषारी वायू निघण्याचा धोका असतो.

या पिस्तुलासाठी २०० ग्रेनची (सुमारे १३ ग्रॅम) खांदेवाली गोळी नावाजलेली आहे. तिच्या धारदार खांद्याने कागदाला स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. जॅकेटवाल्या (तांब्याचे वेष्टन असलेल्या) गोळीचा व्यास .४५१ इंच, तर ओतीव गोळी .४५२ ठेवतात. तरी आपल्या नळीचे माप घेतल्याशिवाय तो आकडा पक्का मानू नये. शुद्ध शिशाचे मासेमारीचे वजन तेल लावून लाकडी दांड्याने रिकाम्या नळीतून पुढे ढकलायचे आणि त्याचा सर्वांत मोठा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा. गोळी त्याहून हजारांश इंच मोठी असावी. आट्यांची संख्या विषम असेल तर साध्या मायक्रोमीटरने खरे माप मिळत नाही.

मोजून-मापून .४५२ ची गोळी ओतली तरी ती पुंगळीत शिरताना आवळली जाऊ शकते. पुंगळीचे तोंड रुंद करणारा खिळा बहुधा जॅकेटवाल्या गोळीच्या मापाचा असतो. ओतीव गोळी मऊ, पितळ कठीण, त्यामुळे बुडाकडे .४५० झालेली गोळी नळीत जाते आणि नेमबाज दोष मिश्रणाला देत बसतो. शेवटच्या डायमध्ये (काडतुसाला आकार देणाऱ्या साच्यात) पुंगळी बाहेरून सारखी करणारे कार्बाइडचे कडे असेल तर तेही हेच करते. खात्रीचा उपाय एकच. प्रायमर आणि दारू न घालता पुंगळीत गोळी बसवायची, हातोडीसारख्या उपसणीने काढायची आणि मोजायची. माप घटले असेल तर मोठ्या व्यासाचा खिळा आणावा.

.४५ एसीपीची पुंगळी चेंबरमध्ये आपल्या तोंडाच्या कडेवर टेकते. म्हणून तिचे तोंड गोळीत रुतवायचे नसते, फक्त रुंदावलेली कड सरळ करायची असते. तोंडाचा बाहेरचा व्यास .४७० इंचांच्या आसपास आला की थांबावे. जास्त आवळल्यास काडतूस टेकायला कड उरत नाही, ते एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) आकड्यावर लटकते आणि प्रायमरवरचा घाव कमीजास्त होतो. गोळीचा खांदा पुंगळीबाहेर साधारण १/३२ इंच (०.८ मिमी) ठेवतात, एकूण लांबी १.२४-१.२५ इंच येते. पिस्तुलातून नळी काढून काडतूस तिच्यात सोडून पाहावे. ते ‘टप्’ असे बसले पाहिजे, बोटाने फिरले पाहिजे आणि नळी उलटी करताच आपोआप बाहेर पडले पाहिजे. अडकले तर बहुधा खांदा आट्यांना टेकलेला असतो.

पुंगळ्या निवडताना काही .४५ पुंगळ्यांना लहान प्रायमर लागतो हे विसरू नये. मिसळल्या तर काडतुसे भरण्याचे यंत्र मध्येच अडते. प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसावा. दारूचे वजन दारू बनवणाऱ्या कंपनीच्या त्याच वजनाच्या ओतीव गोळीसाठी छापलेल्या तक्त्यातूनच घ्यावे आणि सुरुवात त्यातल्या किमान आकड्यापासून करावी. जलद जळणाऱ्या दारूची भरणी पुंगळीचा अर्धाही भाग व्यापत नाही. त्यामुळे चुकून दोनदा भरली तरी ती आत मावते आणि पिस्तूल फुटू शकते. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिव्याचा प्रकाश टाकून पाहण्याला पर्याय नाही. दारू अजिबात पडली नाही तर एकट्या प्रायमरने गोळी नळीत अडकते. आवाज दबका आला की तिथेच थांबावे, पुढची गोळी नळी फुगवते.

शिसे कुठे बसले यावरून कारण कळते. चेंबरच्या लगेच पुढे असेल तर गोळी बारीक आहे. नळीच्या तोंडाकडे असेल तर वंगण कमी पडले. मधमाशांचे मेण आणि ॲलॉक्स (एक तयार वंगण) समप्रमाणात, हे जुने मिश्रण अजूनही पुरते; हल्ली पुष्कळजण वंगणाऐवजी भाजलेल्या पावडरचा लेप देतात. बहुकोनी आतील छेद असलेल्या ग्लॉकसारख्या नळ्यांत शिशाची गोळी वापरू नका असे निर्मातेच सांगतात.

१९११ पिस्तुलाची कारखान्यातली रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुन्हा पुढे आणणारी) १६ पौंडांची असते. सौम्य भरणीने स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकते; १२-१३ पौंडांची स्प्रिंग लावल्यावर हा त्रास जातो. त्याच स्प्रिंगवर पूर्ण भरणीची काडतुसे झाडली तर स्लाइड चौकटीवर आदळत राहते.

भरणीची पारख हाताने झाडून होत नाही. पिस्तूल यंत्रात आवळून ५० यार्डांवर १० गोळ्यांचा पुंजका घेतात. चांगले पिस्तूल २ ते ३ इंचांत बसवते. ५ गोळ्यांचा पुंजका हमखास फसवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

शिसे त्वचेपेक्षा श्वासातून आणि बोटांवरून तोंडात जाते. हवेशीर जागा, कामाच्या जागी खाणे-पिणे-धूम्रपान बंद आणि नंतर साबणाने हात धुणे एवढे तरी पाळावे. पुंगळ्या घासणाऱ्या यंत्रातली धूळ सर्वांत वाईट, कारण तिच्यात प्रायमरचे शिसे असते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे; त्यामुळे हा छंद मुख्यतः अमेरिकेतलाच समजावा.