गेम बनवायला आडकाठी नाही, विकायला आहे : इच डॉट आयओवरच्या निर्बंधांची पार्श्वभूमी

जुलै २०२५ च्या अखेरीस इच डॉट आयओ या गेमविक्रीच्या संकेतस्थळाने ‘प्रौढांसाठी’ अशी खूण असलेली सगळी पानं शोधातून काढली. बहुतेक पानं पुसलेली नव्हती. थेट दुवा हाती असेल तर उघडत होती. पण नावाने शोधा किंवा टॅग चाळा, दिसत नव्हती. हे झालं पेमेंट कंपन्यांच्या दबावामुळे, आणि रोख होता बलात्कार आणि कौटुंबिक लैंगिक अत्याचार रंगवणाऱ्या गेमवर. त्यात क्विअर आणि ट्रान्स निर्मात्यांचं कामही अडकलं. लैंगिकतेबद्दल किंवा स्वतःच्या शरीराबद्दल गेम करून ज्यांनी प्रामाणिकपणे ती खूण केली, तेच सापडले. खूण टाळणारे बिनधास्त राहिले.

ही अडचण आजची नाही. १९८९ मध्ये सी. एम. राल्फ यांनी मॅकिंटॉश संगणकाच्या हायपरकार्ड या साधनावर ‘कॅपर इन द कॅस्ट्रो’ हा गेम बनवला. नायिका लेस्बियन गुप्तहेर, शोध एका पळवून नेलेल्या ड्रॅग क्वीनचा, म्हणजे स्त्रीवेशात कार्यक्रम करणाऱ्या कलाकाराचा. तो मॉडेमवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर फुकट फिरला. आवडला तर एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्या, एवढीच विनंती होती. बाजारात मात्र ‘मर्डर ऑन मेन स्ट्रीट’ या नावाने त्याची दुसरी आवृत्ती आली, क्विअर संदर्भ सगळे काढून. गेम तोच, पण पैसे मिळवायचे तर ओळख झाकायची.

पुढची दोन दशकं धंदा मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला. गेमनिर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००५ च्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ८३.३ टक्के गोरे होते, कृष्णवर्णीय फक्त २ टक्के, स्त्रिया ११.५ टक्के.

कोंडी फोडली एका फुकट साधनाने. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये मजकुराचे गेम बनवण्यासाठी ट्वाइन आणलं. त्यात मजकुराचे चौकोन मांडायचे, दुहेरी चौकटी कंसात पुढच्या चौकोनाचं नाव लिहिलं की दुवा तयार. शेवटी एकच एचटीएमएल फाइल निघते आणि ती कुठल्याही ब्राउझरमध्ये चालते. चित्रकार नको, प्रोग्रामर नको, महागडा संगणकही नको. नवख्यांचा घोळ ठरलेला : दुव्यात लिहिलेलं नाव चौकोनाच्या नावाशी तंतोतंत जुळलं नाही, की खेळणारा तिथेच अडकतो. २०१२ मध्ये पोर्पेंटाइन यांचा ‘हाउलिंग डॉग्ज’ ट्वाइनमध्येच झाला. अ‍ॅना अँथ्रोपी यांचा संप्रेरक उपचारांवरचा ‘डिसफोरिया’ त्याच वर्षी फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या साधनात आला. दोघीही ट्रान्स स्त्रिया.

गेम बनला, पण ठेवायचा कुठे? व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने ऑगस्ट २०१२ मध्ये ग्रीनलाइट सुरू केलं. खेळाडूंनी मतं द्यायची, पुरेशी मिळाली तरच गेम दुकानात. काही दिवसांतच १०० डॉलरची अटही आली. शुल्कापेक्षा मतदान घातक होतं, कारण मत देणारा गट तोच जुना. झोई क्विन यांच्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ला त्याच वाटेने जाताना छळ सोसावा लागला, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये गेमरगेट नावाने त्याची मोहीमच झाली. २०१७ मध्ये मतदान गेलं. दर गेममागे १०० डॉलर राहिले, तेही १००० डॉलरची विक्री झाल्यावर परत मिळणारे.

लीफ कॉर्कोरन यांनी २०१३ मध्ये उघडलेल्या इचवर ना शुल्क, ना मतदान. पान उघडा, झिप चढवा, किंमत शून्यापासून काहीही ठेवा. संकेतस्थळाचा वाटाही निर्मात्यानेच ठरवायचा. आपण बदलला नाही तर १० टक्के. खरी कात्री पेमेंट कंपनीची. २.९ टक्के अधिक ३० सेंट असा दर धरला तर एक डॉलरच्या गेममागे हाती ५७ सेंट येतात, पाच डॉलरच्या गेममागे सुमारे ४ डॉलर ५ सेंट. छोटे गेम एकेकटे विकण्यापेक्षा गठ्ठ्यात विकले जातात ते म्हणूनच.

असा सर्वांत मोठा गठ्ठा जून २०२० चा. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर किमान ५ डॉलरमध्ये १,७४१ वस्तू देऊन सुमारे ८१ लाख डॉलर जमले. ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या ‘एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड’ला आणि जामीन निधीला निम्मे-निम्मे गेले. निर्मात्यांना त्यातून दमडी नव्हती, आणि त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते असंही नाही. गठ्ठा आपोआप खरेदीदाराच्या संग्रहात भरला जात नव्हता. एकेक वस्तू पानांवरून शोधून उघडावी लागे. ओळखीची नावं उघडली गेली, बाकीची तशीच पडून राहिली.

आता पैशाची साखळी पाहू. खेळाडूचं कार्ड, कार्ड कंपनी, बँक, पेमेंट कंपनी, संकेतस्थळ आणि शेवटी निर्माता. स्त्रियांच्या लैंगिक चित्रणाविरुद्ध मोहिमा चालवणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या कलेक्टिव्ह शाउट गटाने जुलै २०२५ मध्ये खुलं पत्र लिहिलं ते संकेतस्थळांना नव्हे, पेमेंट कंपन्यांना. स्टीमने त्याच महिन्यात नियम जोडला : कार्ड कंपन्या आणि बँकांच्या अटी मोडणारा मजकूर चालणार नाही. मास्टरकार्डने १ ऑगस्टला सांगितलं, आम्ही कुठल्याही गेमवर बंदी मागितलेली नाही. व्हॉल्व्हचं उत्तर : थेट नाही, पण मधल्या बँका आणि पेमेंट कंपन्यांमार्फत मास्टरकार्डच्याच नियमावर बोट ठेवलं गेलं. नकार नेमका कुणी दिला हे निर्मात्याला कळत नाही, त्यामुळे दाद मागायला दारही नाही. भारतातल्या निर्मात्याची साखळी आणखी अरुंद, कारण स्ट्राइप या पेमेंट कंपनीने २०२४ मध्ये इथे निमंत्रणाशिवाय खातं उघडणं बंद केलं.

३१ जुलैला इचने मोफत असलेली प्रौढ पानं शोधात परत आणली. किंमत लावलेली पानं मात्र पेमेंट कंपन्यांशी बोलणी होईपर्यंत बाहेरच ठेवली.